हैबतीमामानं जगवलेली रोपं

डोंगराच्या बुडाला एक गाव व्हतं आन् त्या गावच्या शाळंत एक भोळा शिपाई व्हता. हैबती त्याचं नाव. पोरं त्याला हैबतीमामा म्हनायची. नाव असं की वाघानं पळावं, आन् डोकं असं की शेरडानं हसावं.

त्याचं लगनाचं वय उलटून चाललं व्हतं. आईनं पलीकडच्या वाडीची सगुना बघून ठिवली. पोरगी तयार व्हती. पन तिचा बाप बाळकूतात्या म्हंजी लई खवचट मानूस. तो म्हनला, “पोरगा भोळा हाय म्हनं. भोळा चालंल. येडा न्हाई चालायचा. शनवारी शाळंत झाडं लावायची हाईत न्हवं? मी येतो आन् त्याचं काम ह्या डोळ्यांनी बघतो. पटलं तर पोरगी दिली, न्हाई तर रामराम.”

आई हैबतीला म्हनली, “लेकरा, शेलारबाई सांगत्याल तसं तंतोतंत कर. सोताचं डोकं चालवू नगंस.”

“म्या कवा चालवलंय?” हैबती म्हनला.

खरंच हाय. कवाच न्हाई.

शेलारबाई म्हंजी शाळंच्या मास्तरीन. सोमवारी काळ्या पिशव्यांतली रोपं आली. करंज, जांभूळ, आवळा. बाई म्हनल्या, “हैबती, दारापुढं थोडी लाव. मुलं बघून शिकतील.” हैबतीनं खड्डं काढलं, रोपं ठिवली, माती लोटली. पिशवीसकट. पोरं फिदीफिदी हसाया लागली.

बाई ओरडल्या, “अरे, पिशवीत मुळं गुदमरतील! आधी पिशवी फाडायची. आतलं मोकळं करायचं. मग ठेवायचं!”

“बरं बाई. आता चुकायचा न्हाई.”

मंगळवारी पोरांच्या खिचडीचा तांदूळ आला. बाई म्हनल्या, “पोती कोठीत ठेव.” आन् हैबती चुकला न्हाई. त्यानं इळा घेतला, एकूनएक पोतं टराटरा फाडलं, आतलं मोकळं केलं, मग ठिवलं. गावातल्या कोंबड्यांना कुनी सांगितलं कुनास ठावं, समद्या हजर. कोठीत कोंबडा आरवला तवा बाई पळत आल्या.

“हे काय रे?”

“गुदमरत व्हता, बाई.”

“कोण?”

“तांदूळ.”

बाईंनी कपाळ बडवलं. “अरे ठोंब्या, खायची वस्तू झाकायची! वर भांडं पालथं घालायचं, भांड्यावर दगड ठेवायचा. म्हणजे कोणी तोंड घालत नाही.”

“बरं बाई. आता चुकायचा न्हाई.”

बुधवारी शेरडं येऊन रोपांकडं बघत हुबी ऱ्हायली. जीभ फिरवत. हैबतीला वाटलं, ह्यास्नी ही खायची वस्तू दिसतीया. झालं! दुपारी खिचडी शिजवायला भांडं मिळंना. परात करंजावर, पातेलं जांभळावर, डेचकी आवळ्यावर, आन् समद्यांच्या डोक्यावर धोंडं. पोरं पोटाला चिमटा काढून बसली. रोपं उघडली तवा पार मलूल पडलेली.

“झाडाला ऊन लागतं रे बाबा!” बाईंचा आवाज चिरका झाला. “सांभाळायला दिलं की उघड्यावर ठेवायचं! उन्हात! सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं!”

“आदी का न्हाई सांगितलं, बाई? आता चुकायचा न्हाई.”

गुरवारी मांडववाला शनवारच्या कार्यक्रमाचा भोंगा ठिवून गेला. जाताना म्हनला, “भाड्याचा हाय, हैबती. नीट सांभाळ.” हैबतीनं भोंगा अंगनात मांडला. उन्हात. त्वांड वर करून. सकाळी घागरभर पानी, सांजंला घागरभर पानी. पोरांनी इचारलं, “मामा, ह्याला काय येनार?” हैबती म्हनला, “बारकं भोंगं.”

सांजंला बाईंनी भोंगा चालू करून बघितला. म्हनल्या, “हॅलो.” भोंग्यानं चूळ भरली. गुळ्ळगुळ्ळ.

“अरे कर्मा! हे कोरडं ठेवायचं असतं! आभाळ आलं की जे जे कोरडं असेल ते उचलायचं आणि आत आणायचं! कळलं?”

“कळलं बाई.”

शुक्रवारी बाईंनी पोरांना देवराई दावायला नेली. देवाचं रान त्ये. आज्याच्या आज्यापासनं तिथं कुऱ्हाड शिरलेली न्हाई. झाडं अशी की वर बघता बघता टोपी पडावी.

बाईंनी इचारलं, “हे रान कोणी लावलं, सांगा?”

“वनखात्यानं!”

“सरपंचानं!”

“हैबतीमामानं लावलं असतं तर पिशव्या दिसल्या असत्या,” एक पोरगी म्हनली.

“कोणीच नाही लावलं,” बाई म्हनल्या. “ते आपलं आपण वाढलं.”

तेवढ्यात आभाळ आलं. बाई पोरांना घिऊन पळाल्या. हैबती मागं ऱ्हायला आन् वर बघून कामाला लागला. वाळकी फांदी, वाळकं खोड, वाळका पाला. जे जे कोरडं ते ते उचललं आन् शाळंत आनलं. चौथीचा वर्ग फळ्यापतुर भरला. मग देवीचा गुरव आला, काठी घिऊन.

“कुनाच्या बापाचं रान हाय रं? देवीचं वाळकं पान कुनी उचलत न्हाई, आन् ह्यो भाड्या गाडीभर घिऊन आला!”

समदं माघारी न्हिऊन टाकंस्तवर दिवस मावळला. बाईंच्यात ओरडायचं बळ ऱ्हायलं न्हवतं. हळू आवाजात म्हनल्या, “हैबती, जे पडलं ते उचलायचं नाही. तिथंच राहू द्यायचं. त्यावर पाला पडतो, माती पडते, ते कुजतं, त्याचं खत होतं, आणि त्यातूनच नवं रान उगवतं. आपण फक्त हात जोडायचे.”

हैबतीच्या डोळ्यांत पानी आलं. इतकी ग्वाड गोष्ट त्याला आजवर कुनी सांगितली न्हवती.

शनवार उजाडला. बाई पोरांना घिऊन शाळंच्या वरच्या माळावर रोपं लावाया गेल्या. हैबतीला फाटकावर बसवला. फाटकाजवळ वडासाठी खोल खड्डा काढला व्हता. बाळकूतात्या आलं. पांढरं धोतर, कडक फेटा, घागरीवानी पोट. नजर हैबतीवर रोखलेली, येडा का भोळा ते बघायला. पायाखाली कुनी बघायचं? गेलं खड्ड्यात, आन् पोटाशी गुडघं घिऊन बसलं आडकून.

“आरं, हात दे!”

हैबतीनं हात जोडलं.

“नमस्कार मागनं कर! आदी वर काढ!”

“न्हाई तात्या. पडलं ते उचलायचं न्हाई.”

“गाढवा, मी तुजा सासरा हुनार हाय!”

“म्हनून तर मन लावून करनार हाय,” हैबती म्हनला, आन् पाटीभर पाला आनून त्येंच्यावर वतला. मग माती.

“आरं, ह्यो पाला कशाला?”

“कुजायला हलकं जातं.”

“कोन कुजनार?”

“तुमी. तुमचं तर खत बी रग्गड हुईल.”

तात्या वरडलं, शिव्या दिल्या, हैबतीचे आज्जे-पंज्जे काढले. माती छातीपतुर आली तवा घसा बसला. नुस्ता फेटा हलत व्हता आन् त्वांड फुगत व्हतं.

एवढ्यात पाव्हनं आल्याचं ऐकून हैबतीची आई गूळ घिऊन पळत आली. माळावरनं बाई आन् पोरंबी आली.

आई म्हनली, “हैबती, पाव्हनं कुटं हाईत रं? पोरगी दिली का?”

हैबतीनं खड्ड्याकडं बोट केलं. तात्यांचं त्वांड रागानं लालबुंद झालं व्हतं. हैबतीनं वाकून निरखून बघितलं आन् आनंदानं उडीच मारली.

“गूळ वाट, आई, गूळ वाट! कुसुंबाच्या झाडाची पालवी बी आदी अशीच लाल फुटती. जरा दम धर, हिरवं झालं की ‘हो’ म्हनत्याल!”