परत बोलावलेला गंडा

“बुवा, ज्या गाडीला तुम्ही स्वतःच्या हातानं गंडा बांधलात, तिला परत बोलावणारी ही कंपनी कोण?”

दिगंबरराव मोहोळकरांनी हे विचारलं तेव्हा निरंजनबुवा शिरा खात होते. मीही खात होतो. बुवांच्या मठीतला शिरा सोडून मी प्रश्नाकडे सहसा बघत नाही, पण हा प्रश्न असा तावातावानं आला की घास हातातच राहिला.

ही मठी कावळधारेच्या घाटमाथ्यावर आहे. तिथून खाली उतरणारा घाट इतका वळणाचा, की मधल्या वळणावर हॉर्न वाजवला तर तो समोरून ऐकू येतो आणि माणूस स्वतःलाच बाजू देतो. मी दिलेली आहे.

मठीसमोर ती गाडी उभी होती. डाळिंबी रंगाची, त्या जातीची तालुक्यातली पहिली. दसऱ्याला बुवांनी तिच्या स्टिअरिंगला काळा गंडा बांधला होता. त्याशिवाय पुढे लिंबू-मिरच्या, मागे काळी बाहुली, बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं. नजर लागायला त्या गाडीवर जागाच शिल्लक नव्हती.

आत दिगंबररावांची लेक शलाका बसली होती, मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. माहेरचं बाळंतपण उरकून आज सासरी पाठवणी. टपावर पाळणा बांधलेला, मागे डिंकाच्या लाडवांचे डबे. घाटाच्या तळाशी तळगावच्या वेशीवर व्याह्यांनी ताशा बोलावून ठेवला होता. घाट उतरण्याआधी बुवांच्या पाया पडायला ही मंडळी थांबली, आणि माथ्यावर रेंज आल्याबरोबर दिगंबररावांच्या फोनवर कंपनीचा मेसेज वाजला.

“काय म्हणते कंपनी?” बुवांनी विचारलं.

“म्हणे काही गाड्यांत ब्रेकच्या तेलाची नळी घासते. तेल गळू शकतं. गाडी आणा, बदलून देतो.”

“कितव्यांदा म्हणते?”

“तिसऱ्यांदा. पाठवणीचा मुहूर्त साधून.”

“बदलायचे पैसे?”

“फुकट,” दिगंबरराव म्हणाले. शिवी द्यावी तसा शब्द उच्चारला. “मी काय अन्नछत्रात आलोय? फुकट म्हटलं की समजायचं, काहीतरी डाव आहे. गाडी आत घेतील आणि हे खराब, ते खराब सांगत बसतील.”

“गाडी चालते कशी?”

“लोण्यासारखी. कालच आमच्या बबन मेस्त्रीला दाखवली. त्यानं बॉनेट उघडलं, हात जोडले, बॉनेट मिटलं.”

“अण्णा,” शलाका गाडीतून म्हणाली, “ब्रेक जरा मऊ लागतोय असं तुम्हीच म्हणालात परवा.”

“नव्या गाडीचा ब्रेक मऊच असतो. तुझ्या नवऱ्याच्या जुन्या खटाऱ्यासारखा नसतो, दोन्ही पायांनी दाबायचा.”

“त्यांच्या खटाऱ्यालाही असंच बोलावणं होतं. निरोप आधीच्या मालकाला गेला, यांना पत्ताच नाही. यांनी आपणहून कंपनीच्या वेबसाइटवर नंबर घालून बघितलं तेव्हा कळलं. जाऊन बदलून आणलं.”

“त्यांच्या गाडीला बुवांचा गंडा होता का?”

बाळानं जांभई दिली.

“तेच म्हणतोय मी,” दिगंबरराव बुवांकडे वळले. छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं वरचं बटण माझ्या शिऱ्यात पडेल अशी भीती वाटली. “हा तुमचा अपमान आहे, बुवा. तुम्ही सांगा कंपनीला.”

बुवांनी बोटं चाटली. हात धुतला. धोतराला पुसला. मग गाडीचं दार उघडून आत वाकले आणि स्टिअरिंगवरचा गंडा दोन बोटांत धरून बघत राहिले.

बघत राहिले...

त्यांचा चेहरा पडला.

“दिगू, हा दसऱ्याचा ना रे?”

“हो.”

“त्या दिवशी मी पिवळ्या फिरकीतला दोरा वापरत होतो की हिरव्या?”

“पिवळ्या. का?”

“अरे अरे अरे...”

बुवा बाहेर आले आणि पायरीवर बसले. आमच्या बुवांना मी रानडुकरासमोर शांत बसलेलं पाहिलंय. डुकरालाच अवघडल्यासारखं झालं होतं. पण आता ते कपाळाला हात लावून बसले.

“ती पिवळी फिरकी सदोष निघाली. वरून दोरा काळाभोर, आतून कुजका. परवाच त्यातला एक गंडा तुटला. ज्यांना ज्यांना त्या फिरकीतला बांधला, त्या सगळ्यांना मी निरोप धाडलेत. परत या, बदलून देतो.”

“मला नाही आला निरोप.”

“तुझ्या जुन्या घरी गेला असेल. नवा बंगला बांधलास, मला कुठं कळवलंस?”

दिगंबररावांच्या तोंडाचं पाणी पळालं.

“मग बदला ना, बुवा. लगेच बदला.”

“बदलू. घाई काय आहे? दिसतोय तर धड.”

“दिसण्यावर काय जाता? आतून कुजलाय म्हणालात ना.”

“सगळेच नसतील कुजले. काही गंडे कुजले असतील.”

“माझा त्या काहींत असला तर?”

“इतके दिवस चाललाय की. लोण्यासारखा.”

“आजवर चालला म्हणजे आजही चालेल असं कुठाय? समोर हा घाट पडलाय. आत बाळ आहे, बुवा.”

“बाळाला पोचवून ये. संध्याकाळी बघू. तिकडे ताशा थांबलाय तुझा.”

“ताशा गेला चुलीत. आधी गंडा.”

बुवांनी मान हलवली. “पण मी तर फुकट बदलून देणार. त्यात माझा काही डाव असला म्हणजे?”

“तुमचा कसला डाव? दोरा तुम्ही दिलात, बांधलात तुम्ही. खोट तुम्हाला कळली, तुम्ही लपवली नाहीत, उलट बोलावून घेताय. आता निस्तरायची ती तुम्हीच ना निस्तरणार, बाहेरचा कोणी बबन मेस्त्री थोडाच...”

दिगंबरराव थांबले.

...

बॉनेटवर एक माशी बसली होती. तीसुद्धा पुढचं ऐकायला थांबली.

शलाकानं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. बापाकडे तिनं मुद्दाम बघितलं नाही. ही पोर शहाणी.

बुवा उठले, पुन्हा आत वाकले आणि गंडा दातात धरून तटकन तोडला. तोडताना त्यांना चांगलीच ताकद लावावी लागली. कुजक्या दोऱ्याला एवढी ताकद का लागावी, हे मी विचारणार होतो. बुवांनी माझ्याकडे असं बघितलं की मी शिरा तोंडात कोंबला.

“नवा?” दिगंबररावांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“आधी त्यांचं काम. मग माझं.”

“पण बुवा, आता गाडीला काहीच नाही राहिलं.”

“ब्रेक आहे ना,” बुवा म्हणाले. “मऊ आहे म्हणतोस.”

दिगंबररावांनी घाटाकडे पाहिलं. मग लेकीकडे. खिशातून फोन काढला आणि त्या मेसेजवर बोट ठेवणार, एवढ्यात शलाका म्हणाली, “त्यातल्या लिंकला हात नका लावू. खरी कुठली, खोटी कुठली कळत नाही. गाडीच्या पुस्तकात कंपनीचा नंबर असतो.”

डॅशबोर्डच्या कप्प्यात पुस्तक होतं, अजून प्लास्टिकमध्ये. त्यावरही कुंकू. नंबर लावला. पलीकडे एक बाई आल्या. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मी कान लावला असं कोणी म्हणू नये.

“चासी नंबर सांगा, सर. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात आहे.”

त्या कोपऱ्यावर नेमका मोठा स्वस्तिकाचा स्टिकर. दिगंबररावांनी तो नखानं खरवडायला घेतला. निघेना. डोळे बारीक करून, घाम पुसत, एकेक आकडा उकरून काढावा तसा त्यांनी नंबर वाचला.

“हो सर, तुमची गाडी यादीत आहे. ब्रेक दाबताना मऊ लागतोय का? पाय जास्त आत जातो?”

आता आमच्या दिगंबररावांना सगळ्या तालुक्यात ‘नाही’ म्हणायची सवय. ग्रामसभेत म्हणतात, लग्नात म्हणतात, डॉक्टरांपुढे तर आधी म्हणतात मग आत शिरतात. ओठ हललेसुद्धा. पण बाळ नेमकं तेव्हाच त्यांच्याकडे बघून हसलं. तीन महिन्यांचं बाळ असं ठरवून हसत नाही म्हणतात. मी तिथं होतो. ते ठरवून हसलं.

“...लागतोय,” दिगंबरराव म्हणाले.

“मग आता गाडी अजिबात चालवू नका, सर. आहे तिथंच राहू द्या. आमची गाडी येऊन घेऊन जाईल.”

“वॉरंटी... म्हणजे काही खर्च...”

“वॉरंटीचा यात संबंध नाही. जुनी विकत घेतलेली गाडी असती तरीसुद्धा बदलून दिली असती. चूक आमच्याकडची आहे. काम झाल्यावर तसं लिहिलेला कागद मात्र मागून घ्या, उद्या गाडी विकलीत तर पुढच्याला दाखवता येतो.”

चूक आमच्याकडची आहे. बाईंनी हे इतकं सहज म्हटलं, की दिगंबररावांनी फोन डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे बघितलं. असं वाक्य बोलणारा फोन त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

मग जी धांदल उडाली ती सांगतो.

खाली जाणारी एसटी माथ्यावर पाणी प्यायला थांबते. शलाका, बाळ, पाळणा, लाडवांचे डबे आणि मी, असे सगळे तिच्यात चढलो. लाडू सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. कंडक्टरनं पाळण्याचं अर्धं तिकीट फाडायला घेतलं; मी म्हटलं, आत कोणी नाहीये. तो म्हणाला, मग बसू कशाला देताय? शेवटी पाळणा उभा आला.

दिगंबरराव माथ्यावरच राहिले. एसटी वळताना मला दिसले. गाडीच्या बॉनेटला टेकून, दोन्ही हात सोडून. ज्या गाडीतून मिरवत वेशीवर उतरायचं म्हणून त्यांनी महिनाभर मिश्यांना तूप लावलं होतं, ती तिथं आणि ताशा खाली.

तळगावच्या वेशीवर ताशेवाल्यांनी डाळिंबी गाडीची वाट बघून बघून शेवटी लाल एसटीवरच ताशा बडवला. ड्रायव्हर खाली उतरून हार घालून घ्यायला उभा राहिला. त्याला वाटलं त्याची बदली रद्द झाली. व्याही म्हणाले, “मोहोळकर कुठायत?” शलाका म्हणाली, “अण्णा ब्रेक लावून थांबलेत.” वेशीवरच चहा-लाडू होईपर्यंत तास-दीड तास गेला, आणि घाटातून कंपनीचा मोठा टेम्पो उतरताना दिसला. त्याच्या पाठीवर साखळदंडांनी बांधलेली ती डाळिंबी गाडी, लिंबू-मिरच्या हलवत, नवरदेवासारखी. ताशेवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तिच्यासाठीही एकदा वाजवला. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी दिगंबरराव होते. त्यांनी उतरून आधी नातवाला घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी मठीत शिरा खायला, म्हणजे दर्शनाला गेलो होतो. गाडी आली. धुतलेली. काचेच्या कोपऱ्यातला स्टिकर गेला होता, चासी नंबर लख्ख दिसत होता.

दिगंबररावांनी पाया पडून कामाचा कागद पुढे केला. बुवांनी तो उलटा धरून बघितला आणि परत दिला.

“बदलली नळी?”

“बदलली. अर्धा दिवसही नाही लागला.”

“जुनी घासलेली होती का?”

दिगंबररावांनी कागदाची घडी घातली.

“मी विचारलं नाही, बुवा.”

“का रे?”

“भीती वाटली.”

बुवा हसले नाहीत. मीही नाही. घाटातून वारा वर येत होता.

“ब्रेक?”

“घट्ट. पाय ठेवला की थांबते.” मग चाचरत म्हणाले, “आता... तुमचं काम राहिलंय.”

बुवा आत गेले आणि फिरकी घेऊन आले. पिवळीच होती. मी पाहिलं, दिगंबररावांनीही पाहिलं, आणि आम्ही दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं. बुवांनी हातभर दोरा तोडला, ओठ हलवत सात गाठी मारल्या. दिगंबररावांनी धावत जाऊन गाडीचं दार उघडून धरलं.

बुवा जागचे हलले नाहीत.

“इकडे ये. हात पुढे कर.”

दिगंबरराव गोंधळून परत आले. बुवांनी त्यांच्या मनगटाला गंडा बांधला, ओढून बघितला आणि दातानं टोक तोडलं.

“आणि गाडीला, बुवा?”

बुवांनी फिरकी कनवटीला खोचली.

“तिला कशाला? ती पहिल्याच हाकेला गेली असती.”