कमळजाईची फोडलेली पायरी

कमळजाई देवीच्या देवळाच्या या दगडी पायऱ्या मंडळी मोजत चढतात. बावीस झाल्या की थांबतात, कारण पुढची पायरीच नाही. तिथं हातभर खोल खाच आहे आणि पलीकडं एकदम चोविसावी. बघणाऱ्याला वाटतं, पावसानं वाहून गेली असेल. पावसानं नाही गेली. माझ्या आजानं सांगितलं ते सांगतो. मला अक्षरओळख नाही, त्यामुळं जसं ऐकलं तसंच माझ्याजवळ राहिलंय.

आमची टाकेवाडी पाथरवटांची. फार मागं, म्हणे, एक बैरागी या डोंगरावर चार महिने राहिला आणि जाताना कमळजाईची पोथी आमच्या लोकांना तोंडी देऊन गेला. एकेचाळीस ओव्या. लिहिता कुणालाच येत नव्हतं. घरंही एकेचाळीसच होती, तेव्हा ठरलं असं की एकेका घरानं एकेक ओवी सांभाळायची आणि तिच्या नावानं एक पायरी घडवायची. चैत्री पुनवेला प्रत्येक घरचा माणूस आपल्या पायरीवर बसून, दगडाशी तोंड नेऊन आपली ओवी पुटपुटायचा. दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायची नाही. बापानं लेकराला सांगायची तीही दार लावून. बायकोलासुद्धा नाही, कारण ती दुसऱ्या घरची लेक. खालपासून वरपर्यंत सगळ्या पायऱ्या बोलल्या की मगच देवीपुढं दिवा लागायचा.

तेविसावी पायरी सटवा पाथरवटाची. त्याला एकच लेक, रंगू, सात वर्षांची. त्याची बायको ठकू रोज म्हणायची, "अवो, पोरीला ओवी सांगा की." सटवा म्हणायचा, "सांगतो गं. आज हात भरून आलेत. चार ओळींची तर ओवी, ती काय पळून जाती?" माणूस वाईट नव्हता. दमलेला असायचा, एवढंच. एका सकाळी खाणीची दरड कोसळली आणि सटवा तिच्याखाली गेला. ओवी त्याच्याबरोबर गेली.

चैत्री पुनव आली. बावीस पायऱ्या बोलल्या. तेविसावीवर रंगू बसली, दगडाशी वाकली आणि तशीच राहिली. पोर काय बोलणार? वरची माणसं खाली बघायला लागली.

नदीपलीकडं तेव्हा एक मठ होता, असं सांगतात. त्याचे महंत त्या दिवशी मुद्दाम आले होते. काखेत लाल कापडात बांधलेली पोथी. ते म्हणाले, "सगळी पोथी आमच्याकडं लिहिलेली आहे. ही ओवी मी आत्ता सांगतो. पण यापुढं तुमची पोरं मठात द्या. देवाधर्माचं आमचे शिष्य शिकवतील. तुम्ही आपले दगड फोडा."

लोकांना ते बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? गावचा पिराजी नाईक म्हणाला, "ठकू, बुवा भल्याचंच सांगत्यात. आपल्याला काय येतंय? आपलं ओझं उतरंल."

ठकू लेकीजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "नाईक, ओझं व्हय? बुवा, माझ्या धन्यानं चूक केली. आज नको, उद्या, असं करत राहिला. तुम्ही तर सगळ्या गावाला तीच चूक जन्मभर करा म्हणताय."

महंत हसले. "बाई, मग तुझी पायरी मुकी राहील. मुक्या पायरीवरनं देवीला पूजा पोचत नाही."

"मग पायरीच नको," ठकू म्हणाली.

तिनं पिराजीच्या कमरेची छिन्नी ओढून घेतली, शेजारच्याचा हातोडा घेतला आणि रंगूला बाजूला बसवलं. पाथरवटाची सून ती, दगड जिथनं फुटतो ती शीर तिला दिसत होती. आजा सांगायचा, सात घावांत पायरी सुटली आणि कडेच्या उतारावरनं गडगडत थेट पायथ्याशी ठेवलेल्या महंतांच्या पालखीपाशी जाऊन थांबली. भोई पालखी टाकून पळाले म्हणे.

मग तिनं लेकीला काखेत घेतलं, खाच ओलांडली आणि चोविसाव्या पायरीवरच्या माणसापुढं बसली. "भावजी, मोठ्यानं म्हणा. हिला ऐकू द्या."

तो घाबरला. आजवर कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पिराजीकडं बघितलं, तर पिराजी मान खाली घालून उभा. ठकू म्हणाली, "दाबून ठेवली म्हणूनच गेली आमची. तुमचीही जाईल."

त्यानं डोळे मिटले आणि ओवी मोठ्यानं म्हटली. रंगूनं त्याच्यामागं म्हटली. आणि समोरच्या कड्यानं, म्हणे, तिसऱ्यांदा म्हटली. इतकी वर्षं कुणी आवाजच काढला नव्हता, डोंगराला कशी ऐकू जाणार? मग पंचविसावा बोलला, सव्विसावा बोलला. वरचे संपले तसे खालचे बावीसजणही मोठ्यानं म्हणायला लागले. बायका, पोरं, सगळी. दिवा लागला. पोथी काखेतच ठेवून महंत पायी गेले.

त्या रात्रीपासून ठकू घरोघर जाऊन बसली आणि पावसाळ्याआधी चाळीसच्या चाळीस ओव्या मायलेकींना पाठ झाल्या. गावानंही मग तोच नेम धरला, की प्रत्येक घरानं आपल्या लेकरांना सगळी पोथी द्यायची, आणि ती आईबापानंच.

आजही टाकेवाडीत तेच चालतं. मध्ये एक साहेब सिमेंटची पायरी बांधून देतो म्हणाले. त्यांना चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं. खाचेपाशी आम्ही काही म्हणत नाही, गप्प ओलांडतो. लेकराला मात्र तिथं आईनं नाहीतर बापानंच उचलायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

तेव्हा नाही हो ताई, मुलीला माझ्याकडं देऊ नका. म्हातारा झालो म्हणून नव्हे, अजून पोतं उचलतो मी. तुम्ही घ्या तिला. आणि पलीकडं गेलात की तिच्या कानात तुमच्या घरातलं काहीतरी सांगा, तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलेलं. आमचीच ओवी पाहिजे असं नाही. लगेच आठवत नसेल तर आठवा सावकाश. मी थांबतो इथं, पण तुमच्याऐवजी मी सांगणार नाही.