बाहेरचा माणूस

हॅरिसन साहेब तालुक्याच्या मुलींच्या शाळेत तपासणीला आला तो 'मराठीचे तास बंद करा' असा शेरा मारायचं ठरवूनच. मराठी त्याला येत होती, आणि येत होती म्हणूनच तो तिला जास्त हिणवायचा.

पहिल्या बाकावरच्या मुलीला त्यानं विचारलं, "बाहेरचा माणूस, इंग्रजीत सांग."

"आउटसाइड मॅन," ती म्हणाली.

साहेब खो खो हसला. "द मॅन आउटसाइड! आधी माणूस, मग त्याचा ठावठिकाणा. तुमच्या मराठीत सगळंच उलटं. असली भाषा शिकून डोकीही उलटीच होणार!"

हेडमास्तर मान डोलावत राहिले. मराठी शिकवणाऱ्या द्वारकाबाई पेडणेकर मात्र पदर खोचून पुढे झाल्या.

"उलटं नाही, साहेब. आम्ही आधी 'बाहेरचा' म्हणतो, मग 'माणूस'. दार उघडण्याआधीच सावध होतो. तुमच्या भाषेत माणूस आधी घरात शिरतो आणि तो बाहेरचा होता हे मागाहून कळतं. आम्हाला ते कळायला दीडशे वर्षं लागली!"

हेडमास्तरांच्या हातातला चहा धोतरावर सांडला, तरी त्यांना चटका कळला नाही. साहेब आधी लाल झाला, मग पांढराफटक पडला. शेरेबुक कोरंच टाकून तो तरातरा व्हरांड्यात निघून गेला.

मघाच्याच मुलीनं दाराकडे बोट केलं. "बाई, द मॅन आउटसाइड."

"आता बरोबर," बाई म्हणाल्या.