सापाची सात नावं

सागाच्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या जांभळीच्या बुंध्यातल्या ढोलीत एक खार राहत होती. तिला तीन पिल्लं झाली होती, अजून डोळेही न उघडलेली. दाणे आणायला बाहेर पडली, तरी तिचा निम्मा जीव ढोलीतच असायचा. म्हणून वरच्या फांदीवरच्या कावळ्याला तिने राखणीला ठेवायचं ठरवलं. बदल्यात झाडाची निम्मी जांभळं त्याची. मुलांनो, एवढं बोलून मिटलं असतं की नाही? पण त्या जंगलाची रीतच तशी. कुठलाही करार कोल्ह्यानेच सागाच्या पानांवर लिहायचा, आणि पानं जितकी जास्त तितका तो पक्का!

कोल्हा जो लिहायला बसला, तो उठेचना. "साप, सर्प, भुजंग, फणी, अही, उरग किंवा पन्नग दिसल्यास, आढळल्यास वा दृष्टीस पडल्यास कावळ्याने ओरडावे, आरडावे व आरोळी द्यावी..."

"अहो कोल्होबा, हे सगळे सापच ना?" खार काकुळतीला आली. "एकदा लिहून नाही का भागणार? पिल्लं उपाशी आहेत हो माझी."

"एखादा शब्द राहिला, तर मलाच बोल लावाल, खारूताई. तुम्हाला यातलं काय कळतंय?"

आपल्याला खरंच कळत नसेल, असं खारीला वाटलं. सात पानं भरली. तिने पंजा उमटवला, आणि तो जाड गठ्ठा बघून तिला जरा हायसंही वाटलं.

दुसऱ्याच सकाळी ती दाणे घेऊन परतते तो काय, रानमांजराचा पंजा ढोलीत! दाणे तिथेच टाकून तिने मांजराच्या नाकावर झेप घेतली आणि असा कडकडून चावा घेतला, की ते किंचाळत पळालं. खारीने पिल्लं तीन-तीनदा मोजली. तिन्ही होती. मग मात्र ती कावळ्यावर उसळली, "मेल्या, तुझ्या डोळ्यांदेखत! ओरडला का नाहीस?"

"सातही पानं चाळली की, ताई. मांजर कुठेच नाही त्यात. मला वाटलं, पाहुणं असेल."

गलका ऐकून कोल्हा धावत आला. "करार चुकीचा नाही, थोडा अपुरा आहे. मांजर, मार्जार, बिडाल, बोका... आणखी सात पानं लागतील."

"आणि उद्या मुंगूस आलं की? घोरपड आली की? पुरे झालं!" खारीने सगळी पानं टराटरा फाडली आणि कावळ्याला म्हणाली, "माझ्याशिवाय दुसरं कुणीही ढोलीत डोकावलं, की ओरड. कळलं?"

"कळलं. एवढंच होतं, तर कालच नाही का सांगायचं?"

"छे, असं तोंडी कुठे चालतं! निदान पिल्लं किती, ती तरी लिहून घेतो," म्हणत कोल्ह्याने ढोलीत तोंड खुपसलं.

"काव! काव! काव!" कावळा असा काही बोंबलला, की लेखणी टाकून कोल्ह्याने ओढ्यापलीकडेच श्वास घेतला.

तात्पर्य : एका गोष्टीला सात नावं दिली म्हणून ती सातपट पक्की होत नाही. काय हवं, ते आधी आपल्या मनाशी ठरवावं आणि समोरच्याला कळेल अशा एका वाक्यात सांगावं.