वैद्यबुवांची खोड

लहानांनो आणि मोठ्यांनो, ही फार फार जुन्या काळातली गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका गावात एक वैद्य राहत होते. त्यांच्या हाताला गुण होता, पण समोरच्याचं बोलणं ते कधी पुरतं ऐकून घेत नसत. रोग्यानं तोंड उघडलं की म्हणत, "कळलं, कळलं!" आणि पुडी बांधायला घेत. लोक याला घाई म्हणत, कुणी गर्व म्हणत. वैद्यबुवा म्हणत, "स्वभाव आहे माझा."

एकदा एक लाकूडतोड्या झाडावरून पडला. त्याची बायको त्याला बैलगाडीत घालून घेऊन आली.

"बुवा, यांचा पाय..."

"कळलं! मुरगळलाय."

"तसं नाही हो, पडताना..."

"कळलं म्हटलं ना!" असं म्हणून त्यांनी पाय ओढला आणि जोरजोरात चोळला.

पडताना हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला होता. तेच तिला सांगायचं होतं. लाकूडतोड्याचा पाय जन्माचा वाकडा झाला.

वैद्यबुवा शरमेनं तिच्या दारी गेले. म्हणाले, "बाई, चुकलो. पण काय करू? स्वभावच असा पडला."

ती शांतपणे म्हणाली, "स्वभाव म्हणू नका, बुवा. खोड म्हणा. स्वभाव म्हटलं की आपण त्याला बसायला पाट देतो. खोड म्हटलं की ती मोडावीशी वाटते."

त्या दिवशी वैद्यबुवांनी मनाशी ठरवलं. रोगी बोलू लागला की ते तोंडात पाण्याचा घोट धरत आणि त्याचं बोलणं संपल्यावरच गिळत. गाव हसलं. तिसऱ्याच दिवशी त्यांचा धीर सुटला. "कळलं!" म्हणताना सगळं पाणी एका म्हातारीच्या लुगड्यावर उडालं. त्यांनी तिची माफी मागितली आणि नवा घोट भरला. असं किती वेळा झालं, कुणी मोजलं नाही. प्रत्येक वेळी त्यांनी नव्यानं सुरुवात केली. वर्ष गेलं, दुसरंही गेलं. मग पाण्याची गरज उरली नाही.

एके दिवशी एक धनगर आला. सुनेचं पोट दुखत होतं. पण म्हातारा बोलायला लागला तो मेंढरांपासून. मग पाऊस झाला, मग सुनेचं माहेर झालं. वैद्यबुवांच्या मनात कधीच आलं होतं, हे अपचन. कडक जुलाबाची पुडी हाताशीच होती. तरी ते ऐकत राहिले.

उठता उठता म्हातारा लाजून म्हणाला, "आणि बुवा, तिला दिवस गेलेत. अजून कुणाला सांगितलं नाही."

वैद्यबुवांनी ती पुडी मागे सारली आणि दुसरं, सौम्य औषध दिलं.

पुढे त्या घरात धडधाकट लेक जन्मली आणि तिची आईही सुखरूप राहिली.

तात्पर्य: आपल्या दोषाला स्वभाव म्हणून पोसू नये, खोड म्हणून ओळखावं, आणि मोडेपर्यंत पुन्हा पुन्हा झटावं.