पाण्याखालची होडी आणि काठावरचा दोर

माणसं अजून समुद्राच्या वरून वरूनच ये-जा करत होती, तेव्हाची ही गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका गावात एक सुतार राहत होता. त्याची बायको समुद्रात बुड्या मारून शिंपले काढायची. गावाची रीत अशी, की बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि त्याचं दुसरं टोक घरच्याच माणसाने धरायचं. खालून हिसका आला की वर ओढायचं.

सुतार रोज दोर धरून बसायचा. बायको वर यायची तेव्हा तिचे ओठ निळे पडलेले असायचे, आणि संध्याकाळी कान ठणकायचे. सुताराला ते बघवत नसे.

"तू कोरडी बसून तळाशी जाशील अशी होडी मी करणार," तो म्हणाला.

"होडी बुडाली की लोक रडतात," बायको हसली. "आणि तुम्ही ती मुद्दाम बुडवणार?"

गावानेही त्याला वेड्यात काढलं. पण सुताराने ध्यास सोडला नाही. एका होडीवर दुसरी होडी पालथी घालून त्याने फटींत कापूस आणि राळ ठासली. खाली जाण्यासाठी होडीच्या पोटाला जड दगड बांधले. एका भोकाला चामड्याची बाही शिवली. आतूनच तीत हात घालायचा आणि दगडांची गाठ सोडायची, की होडी आपोआप वर. अंगणात त्याने ती गाठ कितीदा तरी सोडून पाहिली.

पहिल्यांदा तो स्वतःच खाली जाऊन बघणार होता. बातमी ऐकून राजा किनाऱ्यावर आला. बायको होडीला दोर बांधू लागली, तसा तो म्हणाला, "दोराने तर घागरही विहिरीत जाऊन येते. त्यात नवल ते काय? दोराशिवाय गेलास, तर दरबारात मानाची जागा देईन."

लोक हसले. सुतार ओशाळला. इतक्या वर्षांनी मान समोर येऊन उभा होता. "राहू दे गं दोर," तो हळूच म्हणाला.

बायकोने वाद घातला नाही. "अहो, तुम्ही दोर धरून असता, म्हणून मला खाली भीती वाटत नाही," ती म्हणाली. "आज तुम्ही खाली, आणि मी रिकाम्या हातांनी बसू?"

सुताराचा जीव कळवळला. तो राजाला म्हणाला, "महाराज, मानाची जागा राहू द्या. मी दोर बांधूनच जातो."

होडी तळाला टेकली. सुताराने बाहीत हात घातला. पण अंगणात कोरडी असताना सहज सुटणारी गाठ पाण्यात फुगून घट्ट बसली होती. झटून झटून बोटं आखडली. श्वास कोंडू लागला. शेवटी त्याने बाहीजवळच्या दोराला हिसका दिला.

वर बायको तयारच होती. दगडांसकट होडी तिला एकटीला ओढवेना, तसे गावकरी धावले. राजानेही मुकुट वाळूत ठेवून दोराला हात घातला, एवढं मात्र त्याचं कौतुक करायला हवं.

सुतार धापा टाकत बाहेर आला. बायकोचे तळवे सोलवटले होते. ते हातात घेऊन तो रडला आणि तीही रडली.

पुढे त्याने गाठीतला दोष दूर केला, होडी सुधारली. मग बायको तीत बसून तळाशी गेली, अगदी कोरडी. काठावर सुतार दोर धरून बसला होता.

"आता होडी पक्की झाली ना?" राजाने विचारलं. "मग दोर कशाला?"

"होडीला नसेल लागत, महाराज," सुतार म्हणाला. "मला लागतो."

तात्पर्य: कितीही खोल जावं, पण आपल्यासाठी काठावर दोर धरून बसलेल्या माणसाची लाज वाटू देऊ नये.