झुपकी खारीची कच्ची पटाशी

पांगाऱ्याचं एक झाड होतं. झाडावर एक खार होती. शेपटी तिची झुपकेदार, म्हणून नाव तिचं झुपकी.

झुपकीला होतं एक पिल्लू. एवढंस्सं! डोळे मिटलेलं. फांदीवर ठेवलं की घसरायचं. सुर्रर्र! पुन्हा ठेवलं की पुन्हा घसरायचं. सुर्रर्र! झोप म्हणून कशी ती नाही.

झुपकी म्हणाली, "थांब बाळा. तुला लाकडाचा पाळणा कोरते. खोलगट. वाटीसारखा."

कोरायला पटाशी हवी. गोल तोंडाची. झुपकीनं टोपलीभर फणसाच्या आठळ्या दिल्या आणि झिपरोबा लोहाराकडून पटाशी आणली. झिपरोबा म्हणजे कोण? अस्वल! हे एवढं मोठं! आणि पटाशी कशी? चकचक चकचक! आरशासारखी!

झुपकीनं पांगाऱ्याचं लाकूड घेतलं. पांगारा किती मऊ! पटाशी टेकवली. वर ठोकलं, टक!

पटाशीचं तोंडच मुडपलं.

अगं बाई! मऊ लाकूड तसंच, आणि पटाशी वाकडी!

झुपकीनं पिल्लू पाठीवर घेतलं. पटाशी काखेत घेतली. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"झिपरोबा झिपरोबा, पटाशी कच्ची निघाली. नीट तापव. पाण्यात बुडव. पटाशीला पाणी पाज, म्हणजे होईल टणक."

झिपरोबा हसला. हो हो हो!

"माझी पटाशी कच्ची? अगं, तुझा हात कच्चा! कालची शिकाऊ तू, आणि मला शिकवतेस? चल, पळ!"

झुपकी पळाली का? छे! शेपटी केली ताठ. पाय आपटला, टप! म्हणाली,

"हात माझा कच्चा नाही, पटाशीच कच्ची!
हलणार नाही, हटणार नाही, गोष्ट माझी सच्ची!"

झिपरोबानं पाठ फिरवली. मग झुपकी गेली भात्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. भाता भट्टीला वारा घालत होता. फुस्स फुस्स, फुस्स फुस्स.

"भात्या भात्या, थांब ना!"

"का गं थांबू?"

"झिपरोबा पाणी पाजेना,
पटाशी लाकूड कापेना,
पाळणा काही होईना,
पिल्लू माझं झोपेना!"

भात्यानं पटाशी पाहिली. "कच्चीच की गं! दोन फुंकांत बाहेर काढली त्यानं. लालसुद्धा झाली नव्हती. पण मी एकटा नाही बाई थांबणार. ऐरण थांबली तर थांबेन."

झुपकीनं पाय आपटला, टप!

"हात माझा कच्चा नाही, पटाशीच कच्ची!
हलणार नाही, हटणार नाही, गोष्ट माझी सच्ची!"

मग गेली ऐरणीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. ऐरणीवर ठोके पडत होते. खण्ण खण्ण, खण्ण खण्ण.

"ऐरणी ऐरणी, थांब ना!"

"का गं थांबू?"

"भाता काही थांबेना,
झिपरोबा पाणी पाजेना,
पटाशी लाकूड कापेना,
पाळणा काही होईना,
पिल्लू माझं झोपेना!"

ऐरण म्हणाली, "टाक बघू माझ्यावर."

झुपकीनं पटाशी टाकली. थप्प!

"कच्चीच की गं! खरी पटाशी खण्ण वाजते, ही थप्प वाजली. पण मी एकटी नाही बाई थांबणार. हातोडा थांबला तर थांबेन."

झुपकीनं पाय आपटला, टप!

"हात माझा कच्चा नाही, पटाशीच कच्ची!
हलणार नाही, हटणार नाही, गोष्ट माझी सच्ची!"

मग गेली हातोड्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. हातोडा वर जात होता, खाली येत होता. धाड धाड, धाड धाड.

"हातोड्या हातोड्या, थांब ना!"

"का गं थांबू?"

"ऐरण काही थांबेना,
भाता काही थांबेना,
झिपरोबा पाणी पाजेना,
पटाशी लाकूड कापेना,
पाळणा काही होईना,
पिल्लू माझं झोपेना!"

हातोड्यानं वाकून पाहिलं. "कच्चीच की गं! इकडे जाड, तिकडे पातळ. नीट ठोकलीच नाही. पण मी एकटा नाही बाई थांबणार. दांडा सुटला तर थांबेन."

दांडा हातोड्याचाच. झिपरोबाच्या मुठीत. झुपकी चढली वर. तुरुतुरु तुरुतुरु.

"दांड्या दांड्या, सूट ना!"

"का गं सुटू?"

"हातोडा काही थांबेना,
ऐरण काही थांबेना,
भाता काही थांबेना,
झिपरोबा पाणी पाजेना,
पटाशी लाकूड कापेना,
पाळणा काही होईना,
पिल्लू माझं झोपेना!"

दांडा म्हणाला, "पटाशीची मूठ हलव बघू."

डुग डुग! डुग डुग!

"कच्चीच की गं! मूठसुद्धा डुगडुगते. पण मी एकटा कसा सुटू? पाचर निघाली तर सुटेन."

पाचर म्हणजे काय? लाकडाची चिमुकली चीप. नखाएवढी. हातोड्याच्या डोक्यात ठोकलेली, दांडा घट्ट बसावा म्हणून. कुणाला दिसतही नाही.

पिल्लू पाठीवर रडत होतं. चिर्र चिर्र! झुपकी दमली होती. पण गेली. तुरु... तुरु...

"पाचरीबाई पाचरीबाई, नीघ ना!"

"का गं निघू?"

"दांडा काही सुटेना,
हातोडा काही थांबेना,
ऐरण काही थांबेना,
भाता काही थांबेना,
झिपरोबा पाणी पाजेना,
पटाशी लाकूड कापेना,
पाळणा काही होईना,
पिल्लू माझं झोपेना!"

पाचर म्हणाली, "पटाशी नखावर टेकव बघू."

झुपकीनं टेकवली. पटाशी घसरली. सट्ट!

"कच्चीच की गं! धार असती तर नखावर अडली असती."

झुपकीनं विचारलं, "आणि तू? तू कोण थांबलं की निघशील?"

पाचरीनं मागे पाहिलं. मागे कोण? कुणीच नाही.

"माझ्यामागे कुणी नाही गं," पाचर म्हणाली. "मग मीच निघते."

आणि टुण्ण!

पाचर निघाली, दांडा सुटला.
दांडा सुटला, हातोडा पडला. धप्प!
हातोडा पडला, ऐरण थांबली. गप्प!
ऐरण थांबली, भाता थांबला. फुस्स!
भाता थांबला, भट्टी विझली.
आणि झिपरोबा? नुसता दांडा हातात धरून बसला!

"अरे, काय झालं तुम्हाला?"

सगळे म्हणाले, "पटाशी कच्ची!"

झिपरोबा गुरगुरला. गुर्रर्र! कुणी हललं नाही. झिपरोबानं डोळे वटारले. कुणी हललं नाही. मग त्यानं पटाशी घेतली. स्वतःच्या नखावर टेकवली.

सट्ट!

झिपरोबानं डोकं खाजवलं. "घाई केली गं. घासून चकचकीत केली, पाणी पाजलंच नाही."

झुपकी म्हणाली, "मग हात कुणाचा कच्चा?"

झिपरोबा पुटपुटला, "माझा."

"ऐकू नाही आलं!"

"माझाऽऽऽ!"

तेव्हा पाचर बसली. दांडा बसला. हातोडा उठला, धाड धाड! ऐरण वाजली, खण्ण खण्ण! भाता फुगला, फुस्स फुस्स! भट्टी पेटली. पटाशी झाली लाल लाल लाल. मग पाण्यात... चुर्रर्रर्र!

झिपरोबानं धार लावली. नवी मूठ बसवली. झुपकीनं पटाशी ऐरणीवर टाकली, खण्ण! मूठ हलवली, हलेना! नखावर टेकवली, अडली!

"आता खरी!" झुपकी म्हणाली.

तिथंच झिपरोबाच्या दारात बसली. भट्टीजवळच्या सरपणातून लाकूड घेतलं. टक टक, सर्र! टक टक, सर्र! ढलप्या निघाल्या कुरळ्या कुरळ्या. पाळणा झाला खोलगट, वाटीसारखा. पिल्लू आत ठेवलं. घसरलं नाही. जांभई दिली. झोपलं.

झिपरोबा दणदण करत आला. मोठ्ठ्यानं म्हणाला, "काय गं, जमला का पाळणा?"

"शूऽऽऽ!" भाता म्हणाला.

"शूऽऽऽ!" ऐरण म्हणाली.

"शूऽऽऽ!" पाचर म्हणाली.

आणि एवढा मोठा झिपरोबा, चवड्यांवर, हळूऽऽ हळूऽऽ, मागे गेला.

गोष्ट कोरून झाली. ढलप्या झाडा. आता तुम्हीही झोपा.